इलेक्ट्रोस्टॅटिक की रिबन: मराठवाड्यातल्या घरात होम थिएटरसाठी कोणते स्पीकर घ्यावेत

पातळ, उंच, फळीसारखे दिसणारे पॅनल स्पीकर घ्यायचे मनात असेल तर दुकानात जाण्याआधी टेप घेऊन हॉल मोजा. लांबी, रुंदी, उंची, आणि टीव्हीच्या भिंतीपासून पुढे किती फूट जागा कायमची मोकळी सोडता येईल, असे चार आकडे कागदावर लिहून ठेवा. इलेक्ट्रोस्टॅटिक आणि रिबन यांची तुलना बहुतेक वेळा ‘आवाज कोणाचा गोड’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. आपल्याकडे निकाल आधी खोली लावते, मग हवा, मग लाईट. आवाजाच्या गोडीचा नंबर त्यानंतर येतो, कारण नीट लावलेल्या दोन्ही जाती ऐकणाऱ्याला जागेवर बसवून ठेवतात.

दोन्ही आतून कसे चालतात

इलेक्ट्रोस्टॅटिकच्या पॅनलमध्ये चुंबक नसतो. अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा पॉलिएस्टरचा पडदा, भोके पाडलेल्या धातूच्या दोन जाळ्यांच्या मधोमध ताणून बसवलेला असतो. पडद्यावर विजेचा अगदी क्षीण वाहक लेप असतो आणि त्याला काही हजार व्होल्टचा स्थिर दाब दिलेला असतो. त्याला बायस म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायरकडून आलेले गाणे किंवा संवाद आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून चढून हजारो व्होल्टचे होऊन जाळ्यांवर येतात. एक जाळी पडद्याला ओढते, दुसरी ढकलते. पडद्याच्या पूर्ण पृष्ठभागावर सारखाच जोर पडतो, म्हणून संवादातला श्वास, टाळीची कड, तबल्याच्या चाटीवरचा स्पर्श इतका स्वच्छ येतो. बायससाठी प्रत्येक स्पीकरला भिंतीवरचा प्लग मात्र लागतो.

ब्रिटनच्या क्वाड कंपनीचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७ साली आला. त्याचे कर्ते पीटर वॉकर यांनीच पुढे १९८१ मध्ये ईएसएल-६३ आणला. आज होम थिएटरसाठी जास्त करून हायब्रीड प्रकार दिसतो: वरचा आणि मधला आवाज (बारीक आणि मधले सूर) पॅनलमधून, खालचा आवाज (बास) डब्यातल्या साध्या वूफरमधून.

रिबनमध्ये बायस नाही, प्लग नाही. ताकदवान चुंबकांच्या फटीत अ‍ॅल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी लोंबकळत असते. तिच्यातून आवाजाचा प्रवाह गेला की पट्टीच हलते. पट्टीचा रोध ओमचा एक छोटासा अंशच असतो, म्हणून तिच्या आधी प्रवाह जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात.

इथे नवख्यांचा मोठा घोळ होतो. बाजारात ‘रिबन’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे वर सांगितलेली खरी रिबन, जी बहुतेक वेळा फक्त ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, म्हणून असते. दुसरी प्लेनर मॅग्नेटिक: पॉलिएस्टरच्या मोठ्या पडद्यावर तार किंवा फॉइल चिकटवलेले आणि मागे, कधी दोन्ही बाजूंना, चुंबकांच्या रांगा. अमेरिकेतल्या मॅग्नेपॅनचे उंच पॅनल याच जातीचे. जिम वायनी यांनी ती कंपनी १९६९ मध्ये काढली. तिसरी घडीचा ट्वीटर, ऑस्कर हाइल यांच्या कल्पनेतला, ज्यात पडदा पंख्याच्या घड्यांसारखा दुमडलेला असतो आणि हवा त्या घड्यांतून पिळली जाते. विक्रेत्याला थेट विचारा: यातले नेमके कोणते, आणि किती हर्ट्झच्या (सुराच्या उंचीचे माप) वर ते काम करते? डब्याच्या स्पीकरला वर चार इंची रिबन ट्वीटर असेल, तर ३,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंतचा सगळा आवाज, म्हणजे माणसाच्या बोलण्याचा मुख्य भाग, साध्या कोनमधूनच (नेहमीच्या गोल स्पीकरमधून) येतो. ते वाईट नाही, पण त्याला पॅनल समजून पैसे मोजू नका. यापुढे ‘रिबन पॅनल’ म्हटले आहे तिथे पूर्ण उंचीचा प्लेनर किंवा रिबन स्पीकर असा अर्थ घ्यावा.

पहिली पायरी: भिंतीपासूनचे अंतर

दोन्ही जातींचे उघडे पॅनल पुढे जितका आवाज फेकतात तितकाच मागेही फेकतात, फक्त उलटा. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. जिथे दोघे एकमेकांना मारतात तिथे आवाजात खड्डा पडतो. खड्डा कुठे पडेल ते साध्या भागाकाराने कळते: ३४३ ला, भिंतीपासूनच्या अंतराच्या (मीटरमध्ये) दुपटीने भागा.

पॅनल भिंतीपासून १ फुटावर असेल तर पहिला खड्डा ५६० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे ऐन बोलण्याच्या पट्ट्यात. संवाद पोकळ, नळीतून आल्यासारखे वाटतात. २ फुटांवर तो २८० ला येतो. ३ फुटांवर १९० च्या जवळ, आणि परतलेला आवाज इतका उशिरा पोचतो की कान त्याला वेगळा ओळखू लागतो. मग तोच मागचा आवाज ऐकण्याला खोलपणा देतो. म्हणून ३ फूट हे कमीत कमी, ४ ते ५ मिळाले तर उत्तम. एवढी जागा सोडता येणार नसेल, समोरून सारखी ये-जा असेल किंवा दार तिथेच उघडत असेल, तर पॅनलचा नाद सोडावा. खड्डा अंतरामुळे पडलेला असतो. महाग अ‍ॅम्प्लिफायर किंवा रिसीव्हरमधले (सगळे स्पीकर जोडले जातात त्या होम थिएटरच्या मुख्य डब्यातले) ऑटो-सेटिंग तो बुजवू शकत नाही.

बाजूच्या भिंतींच्या बाबतीत मात्र पॅनलचा फायदाच आहे. पुढचा आणि मागचा आवाज पॅनलच्या कडेच्या रेषेत एकमेकांना रद्द करतो, त्यामुळे डाव्या-उजव्या भिंतींवर फारच कमी आवाज आपटतो. आपल्याकडचे अरुंद, लांब हॉल या गुणामुळे पॅनलला बरे पडतात.

११ × १६ फुटांचा हॉल धरा. आवाज लांबीच्या दिशेने जाईल असे बसवा. पॅनल मागच्या भिंतीपासून ४ फुटांवर, दोन्ही पॅनलच्या मध्यांत ७ फूट, बाजूच्या भिंतींपासून २-२ फूट. बसायची जागा पॅनलच्या रेषेपासून ८ फुटांवर आणि तुमच्या डोक्यामागे आणखी ४ फूट मोकळे. या मापात डावा-उजवा कोन मधल्या रेषेपासून साधारण २४ अंश येतो, चित्रपटासाठी योग्य. सोफा मागच्या भिंतीला चिकटवण्याची सवय मोडावी लागेल. भिंतीलगत बास फुगतो आणि बाकी सगळे मातीत जाते.

दुसरी पायरी: हवा

मराठवाड्यात इलेक्ट्रोस्टॅटिकची खरी परीक्षा इथेच होते. पडद्यावरचा भार टिकवायला बायसचा पुरवठा फार थोडा प्रवाह देतो. पडद्याच्या कडेला ओलसर धूळ बसली की भार तिकडून गळू लागतो, आणि गळती पुरवठ्यापेक्षा जास्त झाली की आवाज हळूहळू बसतो. एका स्पीकरचा आधी बसतो, त्यामुळे चित्र एका बाजूला सरकल्यासारखे वाटते. पुढची अवस्था म्हणजे टिकटिक, चरचर आणि जाळीतून ठिणगी. भरीला भारित पडदा धूळ स्वतःकडे ओढतो.

जालना, बीड, परभणीकडचा कोरडा उन्हाळा इलेक्ट्रोस्टॅटिकला त्रास देत नाही. त्रास देतो तो उन्हाळ्यातला कूलर. डेझर्ट कूलर खोलीत ओल भरतो, तो चालण्यासाठी खिडकी उघडी लागते आणि खिडकीतून धूळ येते. जड पाण्याचा बोअर असेल तर पाण्याचे क्षारही बारीक तुषारांबरोबर उडतात. ओल, धूळ आणि क्षार एकत्र आले की गळतीची वाट तयार. ज्या खोलीत कूलर चालणार त्या खोलीत इलेक्ट्रोस्टॅटिक ठेवू नये, हे आम्ही ठामपणे सांगतो. एसीची बंद खोली असेल तर चालेल; एसी ओल कमी करतो, दारे-खिडक्या बंद राहतात.

माळवदाच्या घरातही तोच विचार. धाब्यातून बारीक माती सारखी झिरपते. वर कापडी छत बांधले तरी पूर्ण थांबत नाही. तिथे रिबन पॅनल घ्यावेत, तेही वापर नसताना झाकून. मात्र अशा घरांच्या जाड भिंतींना देवळ्या आणि कोनाडे असतात. पॅनलच्या मागे अशी ओबडधोबड भिंत आली तर मागचा आवाज छान विखुरतो.

रिबनच्या खोड्या वेगळ्या. चुंबक धूळ ओढत नाहीत, पण लोखंडाचा कीस ओढतात. घरात ग्रिलचे, गेटचे काम, ग्राइंडर किंवा ड्रिल चालणार असेल तर स्पीकर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दुसऱ्या खोलीत न्या. फटीत गेलेला कीस पट्टीला घासतो आणि तो काढणे जिकिरीचे असते. खरी रिबन वाऱ्याच्या झोताने ताणली जाते, म्हणून टेबलफॅन किंवा कूलरचा झोत तिच्यावर सरळ नको, आणि धूळ उडवायला फुंकर तर नकोच. प्लेनर पॅनलमध्ये तार गोंदाने चिकटवलेली असते. वर्षानुवर्षे ऊन आणि उष्णता लागली की गोंद सुटतो, तार पडद्यापासून उचलली जाते आणि ठरावीक सुरांवर झिणझिण करते. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतले ऊन पॅनलवर येत असेल तर जाड पडदा लावा किंवा पॅनलची बाजू बदला.

तिसरी पायरी: लाईट आणि अर्थिंग

इलेक्ट्रोस्टॅटिकची बायस फार थोडी वीज खाते, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर ती आरामात चालते. लाईट गेली तरी भार लगेच उडत नाही, हळूहळू उतरतो. परदेशातून आणलेला जोड असेल तर मागे २३० व्होल्ट लिहिले आहे का ते आधी बघा; ११५ व्होल्टचा बायस पुरवठा आपल्या प्लगला लावला की जळतो.

अर्थिंग तपासून घेणे दोन्ही जातींसाठी गरजेचे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज मोजायला सांगा. २-३ व्होल्टच्या वर दिसत असेल तर आधी खड्ड्यात पाणी घालून पुन्हा मोजा, तरी उतरले नाही तर दुरुस्ती करून घ्या. स्पीकरमधल्या घुंईचे कारण अनेकदा इथेच सापडते. रिसीव्हर, सबवूफर आणि स्पीकरचे प्लग एकाच बोर्डावरून, स्पाइक गार्डमधून घ्या.

चौथी पायरी: अ‍ॅम्प्लिफायर जुळवणे

कागदावर दोन्ही ‘४ ओम’ किंवा ‘६ ओम’ दिसतात, पण वागणूक वेगळी. प्लेनर पॅनल खालपासून वरपर्यंत जवळपास साध्या रोधासारखा वागतो, साधारण ४ ओम. इलेक्ट्रोस्टॅटिक कपॅसिटरसारखा: आवाज जितका वरचा तितका त्याचा ओम कमी. २०,००० हर्ट्झला १ ते २ ओमपर्यंत, काही मॉडेलमध्ये त्याहूनही खाली. स्वस्त रिसीव्हर इथे गरम होतो, संरक्षण म्हणून बंद पडतो, किंवा वरचा आवाज कडक करतो. व्हॉल्व्हच्या बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरवर उलटे होते: वरचा आवाज मंदावतो. तेव्हा इलेक्ट्रोस्टॅटिकसाठी ४ ओमला नीट झेपणारा, शक्यतो वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घ्या आणि तो २ ओमलाही स्थिर राहतो का ते विचारा. रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या पॉवरकडे आवाज नेणारे जॅक) असले पाहिजेत, नाहीतर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडता येत नाही.

रिबन पॅनलला सौम्य भार असला तरी ताकद भरपूर लागते. हिशोब असा: ८६ डेसिबल संवेदनशीलता (१ मीटरवर मिळणारा आवाज) २.८३ व्होल्टला दिली असेल, तर ४ ओमवर ते २ वॉट होतात. दर १० डेसिबलला दहापट वॉट. म्हणजे २०० वॉटला १ मीटरवर १०६ डेसिबल, आणि सोफ्यावर पोचेपर्यंत त्यातले ५ ते ९ गेलेले. चित्रपटाच्या रेफरन्स पातळीला (थिएटरमधल्या आवाजाच्या प्रमाण पातळीला) प्रत्येक मुख्य चॅनलला बसायच्या जागी १०५ पर्यंतचे झटके लागतात. पॅनल तिथे सहसा पोचत नाहीत. रेफरन्सच्या १० डेसिबल खाली ऐकायचे ठरवले तर ११ × १६ च्या हॉलमध्ये ४ ओमला १५० ते २०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो, आणि घरातल्या माणसांना तोही मोठा वाटतो. स्फोट, गाड्यांची धडक हेच ज्यांना मुख्य हवे त्यांनी मोठ्या कोनचे किंवा हॉर्नचे स्पीकर घ्यावेत.

वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची घ्या, इलेक्ट्रिकलच्या दुकानातली चालते. ७-८ मीटरच्या पुढे ४ स्क्वेअर मिलिमीटर.

पाचवी पायरी: कोण कुठे बसतो

सपाट, रुंद इलेक्ट्रोस्टॅटिक वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर फेकतो. मधल्या माणसाला स्वर्ग, कडेच्या दोघांना झाकलेला आवाज. वक्र पॅनलमध्ये हे बरेच सुधारते, तरीही मधली जागाच सर्वांत चांगली. अरुंद उभी रिबन आडवी छान पसरते. पाच-सहा जण मिळून बघणार असतील तर या एका कारणासाठी आमचा कल रिबनकडे आहे.

उभ्या दिशेत उलटे आहे. चार इंची रिबन ट्वीटरचा झोत वर-खाली फार अरुंद असतो. आपल्याकडे अर्धे लोक गादी-लोडवर आणि अर्धे सोफ्यावर बसतात. कानाची उंची जवळपास एक फुटाने बदलते. अशा घरात ट्वीटर सोफ्याच्या मापाने लावला तर खाली बसलेल्याला झांजेची चकाकी ऐकूच येत नाही. चार फुटांच्या वरच्या उंच पॅनलला, मग तो कोणत्याही जातीचा असो, ही अडचण येत नाही.

सहावी पायरी: सेंटर, मागचे स्पीकर, सबवूफर

चित्रपटातले बहुतेक संवाद सेंटरमधून, म्हणजे टीव्हीपाशी मध्ये ठेवलेल्या स्पीकरमधून येतात. डावा-उजवा पॅनल आणि मध्ये भलत्याच जातीचा डबा लावला की पडदाभर चालत जाणाऱ्या पात्राचा आवाज मध्येच बदलतो. त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा सेंटर घ्या. तो मिळत नसेल आणि बघणारे दोघे-तिघेच असतील, तर रिसीव्हरमध्ये सेंटर ‘नाही’ असे सांगून टाका. दोन पॅनल मिळून संवाद नेमका मध्ये उभा करतात.

मागच्या स्पीकरसाठी पॅनलवर पैसे घालवू नका. चांगले छोटे डब्याचे स्पीकर, कानापेक्षा फूट-दोन फूट वर, तुमच्या बाजूला किंचित मागे, साधारण ११० अंशांवर पुरतात.

सबवूफरला पर्याय नाही. उघडे पॅनल खालचा आवाज स्वतःच गिळतात, कारण लांब लहरी कडेने वळून मागच्या लहरींशी भिडतात. रिसीव्हरमध्ये पॅनल ‘स्मॉल’ ठेवा, म्हणजे खालचा आवाज सबवूफरकडे जाईल. मोठ्या पॅनलला ८० हर्ट्झ, लहानांना १०० ते १२० क्रॉसओव्हर (ज्या हर्ट्झखालचा आवाज सबवूफर घेतो तो आकडा). पॅनलचा बास चपळ असतो, त्याला बंद डब्याचा सबवूफर जास्त जुळतो. जागा ठरवायला सबवूफर सोफ्यावर ठेवा, बासचे गाणे लावा आणि भिंतीच्या कडेने जमिनीवर रांगत ऐका. जिथे बास सर्वांत सम वाटतो तिथे सबवूफर न्या.

सातवी पायरी: कोन आणि गादी

वक्र, चकचकीत इलेक्ट्रोस्टॅटिकसाठी मोबाइलची टॉर्च पुरते. बसायच्या जागेवरून हनुवटीपाशी टॉर्च धरून पॅनलवर टाका. प्रतिबिंब पॅनलच्या आतल्या एक तृतीयांश भागात दिसेपर्यंत पॅनल फिरवा. दोन्हीकडे तेच. प्लेनर पॅनलमध्ये ट्वीटरची पट्टी एका कडेला असते. जोड अदलाबदल करून पट्ट्या आत आणि बाहेर, दोन्ही ऐका. अरुंद हॉलमध्ये बाहेर ठेवल्याने आवाजाचा मंच रुंद होतो, पण संवाद विरळ वाटू लागले तर आत घ्या. फरक एका इंचानेही पडतो, म्हणून जागा पटली की फरशीवर टेपने खूण करा.

फरशी आणि प्लॅस्टरच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. पॅनल आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा वाकळ अंथरा. मागच्या भिंतीवर, पॅनलच्या बरोबर मागे, चार इंची कापसाची गादी उभी करता येते, पण आधी पुस्तकांचे कपाट वापरून बघा. मागचा आवाज पूर्ण मारला की पॅनलची जान जाते. डोक्यामागच्या भिंतीवर मात्र गादी बिनधास्त लावा.

ऑटो-सेटिंग (ऑटो-कॅलिब्रेशन) चालवल्यावर रिसीव्हर पॅनलबद्दल ‘फेज चुकला’, म्हणजे वायरी उलट्या जोडल्या, असे सांगू शकतो. लाल-काळ्या वायरी एकदा तपासा, बरोबर असतील तर तसेच पुढे जा.

जुना जोड घेताना

प्लेनर पॅनलला मल्टिमीटर लावला की ३ ते ४ ओम दिसायला हवेत. वाचन आलेच नाही तर फ्यूज किंवा तार तुटली. मग सबवूफर बंद करून ४० ते ५०० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत ऐका. एका जागी झिणझिण आली तर गोंद सुटला आहे. इलेक्ट्रोस्टॅटिकला मल्टिमीटर काही सांगत नाही, समोर फक्त ट्रान्सफॉर्मर दिसतो. तो २४ तास प्लगला लावून ठेवायला सांगा आणि नंतर दोन्ही पॅनलवर एकच मोनो आवाज देऊन पातळी जुळते का ऐका. शक्यतो पावसाळ्यात तपासा. मे महिन्यात ठणठणीत वाटणारा जोड ऑगस्टमध्ये खरी अवस्था दाखवतो.

आवाज बसला तर

इलेक्ट्रोस्टॅटिकचा आवाज जुलै-ऑगस्टमध्ये उतरला तर लगेच मेकॅनिक बोलावू नका. दोन्ही प्लग काढून रात्रभर तसेच ठेवा. सकाळी व्हॅक्युम क्लीनरला मऊ ब्रश लावून जाळीवरून वरून खाली फिरवा, पुढून आणि मागून. ओले फडके किंवा स्प्रे अजिबात नको. एसी दोन-तीन तास चालवून खोली कोरडी करा, मग प्लग लावा आणि पूर्ण भार यायला काही तास द्या. तरीही एकच बाजू मंद राहिली तर दोन्ही स्पीकरच्या जागा अदलाबदल करा. मंदपणा स्पीकरबरोबर गेला तर दोष त्या पॅनलचा किंवा त्याच्या बायसचा; तिथेच राहिला तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा वायर बघा. मागचे झाकण स्वतः उघडू नये, प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्ट साठलेले असतात. आणि हाच व्हॅक्युम क्लीनर खऱ्या रिबनजवळ चुकूनही नेऊ नका, एका ओढीत पट्टी फाटते.